पाच तारांचा बँजो आणि चौकटीची वही

सोलापुरात "मी बँजो शिकतोय" असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "कुठल्या पार्टीत?" त्यात त्याची काही चूक नाही. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत वाजणारा, टाइपरायटरसारख्या कळा असलेला बुलबुल तरंग आपल्याकडे बँजो म्हणूनच ओळखला जातो. मी लिहितोय तो बँजो वेगळा. डफासारखा गोल, त्याला लांब दांडी, पाच तारा, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून वाजवायचा. याचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी आपल्या वाद्यांच्या आठवणीतून तो तिथे घडवला. पुढे १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज नावाचा उत्तर कॅरोलायनाचा तरुण बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदात आला. त्याचं तीन बोटांचं, झऱ्यासारखं सलग वाजवणं लोकांनी ऐकलं आणि ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकाराला आजचा चेहरा मिळाला.

बँजो हातात आलाय, एखाद-दुसरी धून बसलीये, पण कॉर्ड, स्केल, की असे शब्द आले की ज्यांचं डोकं बंद पडतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यातही वाचून-ऐकून कळत नाही, पण चित्र काढून दाखवलं की लगेच कळतं, अशांसाठी. मी त्यातलाच. माझ्या पहिल्या शिकवणीत सुरुवातीलाच पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघा आणि त्यांवरचे काळे ठिपके पुढे आले. चार महिने मी ठिपके मोजत बसलो. तो ठिपका माझ्या बँजोवर नेमका कुठे आहे, हे काही दिसेना. मग बँजो कपाटावर गेला.

तो खाली काढला मामांच्या एका ग्राफमुळे. मामा चादरीची डिझाइनं काढायचे. जेकार्ड मागावर विणायच्या नक्षीचा आधी चौकटीच्या कागदावर आराखडा होतो. आडवा-उभा धागा जिथे भेटतो तो एक चौकोन. चौकोन भरला की पुठ्ठ्यावर तिथे भोक, आणि भोक असलं की मागावर तो धागा उचलला जातो. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून लाल पेन्सिलीने चौकोन भरायचो. जवळून बघितलं तर नुसते ठिपके, हात लांब धरून बघितलं तर मोर. त्या दिवशी मोरापेक्षा मला बँजोची दांडी दिसली. तारा उभे धागे, फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आडवे धागे, आणि एक चौकोन म्हणजे एक स्वर.

माणसं डोळ्यांनी शिकणारी किंवा कानांनी शिकणारी अशी कायमची वाटली गेलेली असतात, याला संशोधनात भक्कम आधार सापडलेला नाही, हेही सांगून ठेवतो. पण चित्र आणि आवाज एकत्र आले की गोष्ट पक्की बसते, हा अनुभव मी रोज घेतो. म्हणून खालची प्रत्येक पायरी कागदावर काढायची आणि लगेच वाजवायचीही. नुसतं रंगवलं तर चित्रकला होईल.

सामान

शाळेत गणिताला लागते ती चौकटीची वही. लाल, पिवळी, हिरवी अशा तीन पेन्सिली. त्याच तीन रंगांच्या छोट्या गोल टिकल्यांची पाकिटं, नवी पेठेत कुठेही मिळतील. फोनवर एक ट्यूनर आणि एक तानपुरा. बँजो अजून घ्यायचा असेल तर तारा मोजून घ्या. चार तारांचेही बँजो असतात, त्यांवर हा लेख चालणार नाही. आपल्याला पाचवी, आखूड तार हवी, जिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या फ्रेटजवळ असते.

पहिली पायरी: तारा सरगममध्ये ऐका

बँजो मांडीवर धरला की जमिनीकडची तार पहिली. तिथून वर दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्यात वर, अंगठ्याशी, आखूड पाचवी. ब्लूग्रासची नेहमीची जुळणी अशी: चौथी डी, तिसरी जी, दुसरी बी, पहिली परत डी, आणि पाचवी वरचा जी.

ही अक्षरं पाठ करण्याआधी पेटीजवळ बसा. जी म्हणजे पांढरी पाच. तिला सा माना. आता चौथी तार मंद्र प, तिसरी सा, दुसरी शुद्ध ग, पहिली प, पाचवी तार सा. म्हणजे डाव्या हाताने काहीही न दाबता बँजो छेडला की सा, ग, प वाजतात. तानपुऱ्यात ज्या प-सा असतात त्यांत एक ग घातला, झालं. आणि ती पाचवी तार? सतारीची चिकारी. धून कुठेही फिरो, ती मधूनमधून तोच वरचा सा वाजवत राहते. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पुढचं काहीच शिकलो नाही, तासभर मोकळ्या ताराच छेडत बसलो. तुम्हीही बसा. तानपुरा जीवर लावा आणि एकेक तार त्यात मिसळते का ते ऐका.

एक काळजी घ्या. बँजोची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते आणि धक्क्याने सरकते. ती सरकली की आपला नकाशा बरोबर असूनही स्वर चुकतात. तपासणी सोपी आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच हवेत. दाबलेला चढा आला तर घोडी दांडीपासून थोडी लांब न्या, उतरता आला तर जवळ आणा. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना वाद्य बंद गाडीत ठेवू नका. उन्हातून घरात आणलं तर अर्धा तास तसंच राहू द्या, मग जुळवा.

दुसरी पायरी: एका तारेवर सप्तक

फक्त तिसरी तार घ्या. मोकळी वाजवली की सा. आता क्रमाने फ्रेट दाबा: २ वर रे, ४ वर ग, ५ वर म, ७ वर प, ९ वर ध, ११ वर नि, १२ वर तार सा. हाच बिलावल थाट, आणि पाश्चात्त्य लोक ज्याला मेजर स्केल म्हणतात तेही हेच.

वहीत तेरा चौकोनांची एक ओळ काढा, शून्यापासून बारापर्यंत, आणि हे आठ चौकोन भरा. कुठे एक चौकोन मोकळा सुटलाय आणि कुठे दोन भरलेले चौकोन एकमेकांना चिकटलेत ते पाहा. ग-म चिकटलेत, नि-सा चिकटलेत, बाकी सगळीकडे एक मोकळा. पेटीवर नेमक्या याच दोन ठिकाणी काळी पट्टी नसते, पण सा पांढरी एकवर धरला तर. बँजोवर पांढरं-काळं नाही, त्यामुळे अंतर उघडं दिसतं. माझ्या मते थिअरीचा निम्मा भाग या एका ओळीत आहे.

गिटारवरून बँजोकडे येणाऱ्यांनी एक बघावं. गिटारच्या दांडीवर सहसा नवव्या फ्रेटला ठिपका असतो, बँजोवर बहुतेक वेळा दहाव्याला. मी या एका ठिपक्यामुळे आठवडाभर चुकीचा ध वाजवला.

तिसरी पायरी: टिकल्या

आता पूर्ण नकाशा. वहीत चार तारांसाठी चार ओळी आणि तेरा रकाने आखा. पाचवी तार सध्या बाजूला ठेवा, ती मोकळीच वाजते. छापील नकाशा आणून भिंतीवर लावू नका. स्वतःच्या हाताने एकेक चौकोन मोजून भरलेला नकाशाच लक्षात राहतो.

सा लाल: तिसऱ्या तारेवर शून्य आणि १२. चौथ्या आणि पहिल्या तारेवर ५. दुसऱ्या तारेवर ८.

ग पिवळा: दुसऱ्या तारेवर शून्य आणि १२. तिसऱ्या तारेवर ४. चौथ्या आणि पहिल्या तारेवर ९.

प हिरवा: चौथ्या आणि पहिल्या तारेवर शून्य आणि १२. तिसऱ्या तारेवर ७. दुसऱ्या तारेवर ३.

कागद झाला की तेच बँजोवर. तार बोटाने थोडी बाजूला सारून, तिच्याखाली दोन फ्रेटच्या मधोमध टिकली लावायची. मी पहिल्यांदा लावल्या तेव्हा आई म्हणाली, "अरे, बँजोचं हळदीकुंकू करतोयस का?" टिकल्या महिनाभर राहू द्या. काढल्यावर डिंकाचा चिकटपणा मऊ कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

आता ग्राफ जसा हात लांब धरून बघतात तसा बँजो समोर धरा. ठिपके विखुरलेले नाहीत, त्यांचे घोळके झालेत. शून्यावर एक आडवी रांग. ३-४-५ मध्ये एक घोळका. ७-८-९ मध्ये दुसरा. बारावर परत आडवी रांग. प्रत्येक घोळक्यात लाल, पिवळा, हिरवा तिन्ही आहेत. म्हणजे प्रत्येक घोळका सा-ग-प आहे. असे एकत्र वाजणारे स्वर म्हणजे कॉर्ड, आणि ही जी कॉर्ड. एकच कॉर्ड, दांडीवर तीन आकारांत.

चौथी पायरी: तीन आकार, एक सरकणारी चौकट

आडव्या रांगेला बार म्हणतात. एका बोटाने चारही तारा दाबायच्या. शून्यावर तर तीही गरज नाही.

३-४-५ चा आकार म्हणजे एफ आकार. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला तर्जनी, तिसऱ्या तारेवर चौथ्याला मध्यमा, चौथ्या तारेवर पाचव्याला अनामिका, पहिल्या तारेवर पाचव्याला करंगळी.

७-८-९ चा आकार म्हणजे डी आकार. अनामिका आणि करंगळी तशीच बाहेरच्या तारांवर, नवव्या फ्रेटला. आतल्या दोन बोटांनी मात्र जागा बदलली: तिसऱ्या तारेवर सातव्याला तर्जनी, दुसऱ्या तारेवर आठव्याला मध्यमा. दोन आकारांत फरक एवढाच. हाताला तो सापडायला मला पंधरा दिवस लागले, डोळ्याला एक क्षण.

ही नावं कुठून आली ते स्वतःच करून बघा. एफ आकार दोन फ्रेट मागे, म्हणजे १-२-३ मध्ये सरकवला की एफ कॉर्ड वाजते. डी आकार पाच फ्रेट मागे आणला की डी. आकार मोडायचा नाही, बोटं जशीच्या तशी ठेवून पूर्ण हात सरकवायचा. कारखान्यात एकच मोर चादरीवर परत परत येतो, त्याच्यासाठी दर वेळी नवा ग्राफ काढत नाहीत.

आता लाल टिकलीकडे बघा. बारमध्ये सा तिसऱ्या तारेवर आहे. एफ आकारात चौथ्या आणि पहिल्या तारेवर. डी आकारात दुसऱ्या तारेवर. लाल ठिपका ज्या स्वरावर जाईल ते त्या कॉर्डचं नाव. एवढं पक्कं झालं की कुठलीही मेजर कॉर्ड, म्हणजे अशी शुद्ध ग असलेली, विचारा, तुम्ही ती तीन ठिकाणी शोधून दाखवाल.

मायनर कॉर्ड म्हणजे पिवळा ठिपका एक फ्रेट मागे, शुद्ध गचा कोमल ग. एफ आकारात पिवळा एकच, तिसऱ्या तारेवर, म्हणून सुरुवात तिथून करा. डी आकारात पिवळे दोन आहेत, दोन्ही हलवावे लागतात.

पाचवी पायरी: एकच घर सोडून

कॉर्ड बनते कशी? सप्तकातला एक स्वर घ्या, पुढचा सोडा, त्यापुढचा घ्या, पुन्हा एक सोडून त्यापुढचा घ्या. सापासून सुरू केलं तर सा-ग-प, म्हणजे जी. मपासून म-ध-सा, म्हणजे सी. पपासून प-नि-रे, म्हणजे डी. ब्लूग्रासमधल्या पुष्कळ धुना या तीन कॉर्डवर उभ्या असतात, त्यांना एक, चार, पाच म्हणतात. सा पहिला, म चौथा, प पाचवा, इतकं साधं.

बारच्या आकारात तर हे फ्रेटवरच लिहिलेलं आहे: शून्यावर जी, पाचवर सी, सातवर डी. दुसऱ्या पायरीत तिसऱ्या तारेवर सा, म आणि प कुठे होते ते परत बघा. तेच आकडे.

वहीत या तीन कॉर्ड एकाखाली एक लिहून सारखे स्वर रेघेने जोडा. जी आणि सी यांच्यात सा सामाईक, जी आणि डी यांच्यात प. सी आणि डी यांच्यात एकही नाही. म्हणून सीवरून थेट डीवर गेलं की पाऊल उचलल्यासारखं वाटतं, आणि जीवर परतलं की घरी आल्यासारखं.

आणि त्या आखूड पाचव्या तारेचं काय होतं? जीवर ती सा, म्हणजे लाल ठिपका. सीवर तोच स्वर कॉर्डचा पाचवा, तिथेही चपखल बसतो. डीच्या कॉर्डमध्ये मात्र तो नाहीच. तरी ती वाजत राहते आणि डीवर किंचित खडखडते. नवशिक्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नाही. ती ओढ ब्लूग्रासची चव आहे, शेंगाचटणीतल्या लसणासारखी. पुढे जीवर आलं की तोच सा परत शांत होतो.

सहावी पायरी: रोल म्हणजे आठ चौकोन

डाव्या हाताचा नकाशा जागेचा, उजव्या हाताचा वेळेचा. उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडायचा ठरलेला, परत परत येणारा क्रम म्हणजे रोल. पाच तारांच्या पाच ओळी आणि आठ रकाने आखा. केहरव्याच्या आठ मात्रा समजा. अंगठा लाल, तर्जनी पिवळी, मध्यमा हिरवी.

फॉरवर्ड रोल असा भरा, तारांचे आकडे: ३, २, १, ५, २, १, ५, १. बोटं: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अंगठा, तर्जनी, मध्यमा, अंगठा, मध्यमा. आता नुसते लाल चौकोन बघा. ते १, ४ आणि ७ या मात्रांवर आलेत. म्हणजे आठाचे तुकडे तीन, तीन, दोन असे पडले. आपल्या केहरव्यात चार-चार असतात आणि पाचव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी नसलेली मात्रा, येते. इथे पाचवीला नुसती तर्जनी हलकेच दुसऱ्या तारेवर असते. ब्लूग्रास धावतंय आणि मध्येच ठेचकाळून परत धावतंय असं जे कानाला वाटतं, ते या लाल चौकोनांत दिसतं.

शेजारी दुसरा रोल काढा: ३, २, ५, १, ४, २, ५, १. यात अंगठा एक सोडून एक, म्हणजे १, ३, ५, ७ वर. लाल रकाने सरळ, समान अंतरावर. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दोन्ही रोल वाजवा, पायाने ठेका धरून. दोन्हीत एक नियम सारखा आहे, एकच बोट लागोपाठ दोनदा येत नाही. म्हणूनच वेग वाढवता येतो.

वेग मात्र वाढवू नका, निदान महिनाभर. मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला दोन स्वर. हे कंटाळवाणं आहे, पण याला पळवाट मला सापडलेली नाही.

सातवी पायरी: भूप वाजवा

हे नक्की करा. आपल्याकडे शास्त्रीय संगीताची सुरुवात पुष्कळदा भूपने होते: सा, रे, ग, प, ध. ब्लूग्रासच्या कितीतरी धुना याच पाच स्वरांत फिरतात. बँजोवर तो जवळजवळ मोकळ्या तारांवरच आहे. तिसरी मोकळी सा, तिसरीचा दुसरा फ्रेट रे, दुसरी मोकळी ग, पहिली मोकळी प, पहिलीचा दुसरा फ्रेट ध, पहिलीचा पाचवा तार सा. लहानपणी पाठ झालेली भूपची सरगम म्हणत म्हणत वाजवा. थिअरी वेगळी काही शिकायची आहे ही भीती माझी इथे गेली.

मग ब्लूग्रासचा खास मसाला: तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरून बोट तिसऱ्यावर घसरवा, म्हणजे रेवरून कोमल ग, आणि लगेच दुसरी मोकळी तार, शुद्ध ग. कोमल आणि शुद्ध ग एकमेकांना खेटून. भूपमध्ये हे चालणार नाही, इथे याच्याशिवाय चालत नाही.

आठवी पायरी: कॅपो

गायकाला पांढरी सहा, म्हणजे ए हवी असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि वाजवा जसं जीमध्ये वाजवत होता तसंच. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची फळी सरकते आणि बोटं तीच राहतात, तसंच हे. फक्त पाचवी तार कॅपोखाली येत नाही. तिला वेगळं दोन फ्रेटने चढवावं लागतं, खुंटी पिळून किंवा दांडीवरच्या बारीक खिळ्यात अडकवून. विसरलात तर पहिल्याच रोलला कळेल.

टिकल्या काढल्यावर

महिन्याने टिकल्या काढा आणि बँजो घरी ठेवून वही घेऊन कुठेतरी बसा. मी हे पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये केलं होतं, कुर्डुवाडी यायच्या आत दोन पानं झाली. कोऱ्या चौकटीवर या वेळी सीला सा धरून नकाशा काढा. आधी प्रत्येक ठिपका भरताना तो स्वर ओठांतल्या ओठांत गा, मग पेन्सिल टेकवा. आकारांचा क्रम तोच राहतो: बार, मग एफ, मग डी, मग परत बार. बारपासून एफ आकार तीन फ्रेट पुढे सुरू होतो, डी आकार सात फ्रेट पुढे. फक्त सुरुवात वेगळ्या जागेवरून होते. पहिला लाल ठिपका मी सांगतो, दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट. उरलेले लाल तिसऱ्या, चौथ्या आणि पहिल्या तारेवर शोधा, आणि घरी आलात की बँजोवर दाबून तपासा.